रेंज कोरी राहिली आणि ‘एकूण’ नावाच्या सभासदाचं बिल निघालं

सांजधार यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, पण अर्धवट सांगितलं की पुढं दहा प्रश्न येतात, म्हणून सगळंच सांगतो.

कागल तालुक्यातल्या अकरा छोट्या दूध संकलन केंद्रांची दहा दिवसांची बिलं काढायचा एक प्रोग्रॅम मी दीड वर्षापूर्वी पायथॉनमध्ये लिहिला. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा, कोड व्हिडिओ बघून शिकलोय. तेव्हा शिव्या घालायच्या तर घाला, पण त्यासोबत उत्तर पण द्या.

मांडणी अशी आहे. एकच गूगल शीट, त्यात प्रत्येक केंद्राचा एक टॅब. टॅबच्या पहिल्या तीन ओळींत केंद्राचं नाव, तारीख असला मजकूर, चौथ्या ओळीत मथळे, पाचव्या ओळीपासून नोंदी. ए ते एच असे आठ कॉलम: सभासद क्रमांक, नाव, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), रक्कम. चारशे ओळी नोंदींना ठेवल्यात, म्हणजे ४०४ पर्यंत, आणि बहुतेक टॅबांत ४०५ व्या ओळीत सचिवांनी बेरीज मांडलीय. त्या ओळीत ए आणि बी हे दोन सेल जोडून ‘एकूण’ असं ठळक लिहिलंय.

याशिवाय ‘केंद्र’ नावाचा एक टॅब आहे. त्यात केंद्र क्रमांक, टॅबचं नाव, कुठला दरतक्ता लावायचा ते, आणि शेवटच्या डी कॉलममध्ये रेंज, म्हणजे नोंदी कुठल्या सेलपासून कुठल्या सेलपर्यंत आहेत ते. म्हणजे ‘ए५:एच४०४’ असा मजकूर. प्रोग्रॅम आधी हा टॅब वाचतो, मग एकेका केंद्राची रेंज घेऊन नोंदी आणतो. लायब्ररी जीस्प्रेड, पायथॉनमधून गूगल शीट वाचायची-लिहायची.

आता गंमत. सात नंबरच्या केंद्राचे सचिव म्हणजे माझे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी गेल्या महिन्यात ‘केंद्र’ टॅब उघडला, शेवटच्या कॉलममध्ये त्यांना काहीतरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसले, “हा कचरा कुणी टाकलाय” म्हणून त्यांनी आपल्या ओळीतला पुसून टाकला. बाकी दहा केंद्रांचा तसाच ठेवला, कारण दुसऱ्याच्या शेतात आपण कशाला जा.

त्यानंतर प्रोग्रॅम चालवला तेव्हा तो ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ (यादीत नसलेली जागा मागितली) म्हणून बंद पडला. मला वाटलं, नेहमीची कटकट. ती ओळ ट्राय-एक्सेप्टमध्ये टाकली (म्हणजे एरर आली तरी प्रोग्रॅम थांबत नाही), एरर आली तर रेंज म्हणजे कोरी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) धरली, आणि पुढं गेलो. चाललं पण! परवा ११ तारखेला पहाटे बिलं काढली. सात नंबरला उत्पादक १९ आहेत, बिलं निघाली २०. विसावं बिल ‘एकूण’ या सभासदाचं: २,३१४.५ लिटर दूध, ७८,६९३ रुपये. केंद्राची बेरीज त्यामुळं १,५७,३८६, म्हणजे बरोब्बर दुप्पट. तात्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि मला फोन केला: “हा एकूण कोण रं? एवढं दूध घालतोय, त्याच्या गोठ्यात म्हशी किती?” (गाईचं केंद्र आहे, तरी म्हशी.)

पैसे वाटायच्या आधी सापडलं म्हणून बरं. आता प्रश्न असा: रेंज मिळाली नाही तर कोडनं काय करायला हवं? माझ्या डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, रेंज कोरी असेल तर आपणच ‘ए५:एच४०४’ धरायची, कारण सगळ्यांची तीच आहे. दोन, ज्यांची रेंज कोरी ती केंद्रं यादीतून गाळायची आणि उरलेल्यांच्या रेंज एका दमात मागवायच्या. कुठला बरोबर? आणि मुळात कोरी रेंज दिली तर एरर का आली नाही, आख्खा टॅब का आला?

मोबाइलवरून लिहितोय, कोड चिकटवता येत नाही.

---

लसूणचटणी

इतका विचार कशाला? आख्खा टॅब येऊ दे. पहिल्या चार ओळी टाकून दे, आणि सभासद क्रमांक आकडा नसेल ती ओळ सोडून दे. ‘एकूण’ आपोआप गळेल. पाच मिनिटांचं काम. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचं मी असंच करतो, तीन वर्षं झाली.

---

सांजधार

दादा, तेच आधी केलं होतं. म्हणजे आकडा नसलेल्या ओळी सोडायचं. मथळ्याची ओळ त्यामुळंच गळत होती, लिटरच्या जागी ‘लिटर’ शब्द आला की फ्लोट (दशांश आकडा) करताना एरर, एरर आली की ओळ सोड. पण ‘एकूण’च्या ओळीत लिटर, रक्कम हे खरेच आकडे आहेत, त्यामुळं ती सुटली. आता सभासद क्रमांक तपासेन, पण पाच नंबरच्या केंद्रात दोघा भावांचं खातं ‘१२अ’ आणि ‘१२ब’ आहे. ते गळले तर घरी येऊन बसतील.

---

जमाखर्च

सांजधार भाऊ, मी नाशिकला एका पतसंस्थेचं संगणकाचं काम बघते, चौदा वर्षं झाली. तुमच्या तात्यांसारखी पंधरा माणसं माझ्याकडं आहेत. त्यामुळं हसले, पण जपून हसले.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न, आख्खा टॅब का आला. गूगल शीट्सच्या एपीआयला (प्रोग्रॅमनं शीटशी बोलायची खिडकी) नुसतं टॅबचं नाव दिलं की तो त्या टॅबमधले सगळे सेल देतो. ते चूक नाही, तसंच ठरलेलं आहे. आणि जीस्प्रेडचं गेट हे फंक्शन रेंजशिवाय चालतं. रेंज दिली नाही किंवा कोरी स्ट्रिंग दिली तर ते टॅबचं नुसतं नाव पुढं पाठवतं. म्हणजे तुम्ही म्हणालात “मला माहीत नाही कुठून कुठपर्यंत”, आणि लायब्ररीनं ऐकलं “सगळं द्या”. दुकानात जाऊन “किती द्यायचं ते आठवत नाही” म्हटल्यावर दुकानदारानं पोतं डोक्यावर द्यावं, तसं. दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नाही, म्हणून एरर नाही.

आता ती पहिली एरर, जी तुम्ही गप्प बसवली. ती खरं तर एकमेव प्रामाणिक गोष्ट होती त्या प्रोग्रॅममध्ये. काय होतं, की एपीआय ओळीच्या शेवटचे रिकामे सेल पाठवतच नाही. ‘केंद्र’ टॅबची इतर ओळ आली की चार गोष्टींची लिस्ट येते; सात नंबरची आली तीन गोष्टींची, कारण चौथा सेल रिकामा आणि तो शेवटचा. म्हणून इंडेक्स ३, म्हणजे शून्यापासून मोजत चौथी गोष्ट, मागितल्यावर बोंब. हाच रेंजचा कॉलम मधे कुठं असता, समजा सी मध्ये, तर तिथं कोरी स्ट्रिंग आली असती, लिस्ट चारचीच राहिली असती आणि तुम्हाला एररसुद्धा आली नसती. आख्खा टॅब मुकाट्यानं आला असता. एकाच पुसलेल्या सेलचे कॉलम कुठं आहे त्यावरून दोन वेगळे परिणाम. हे एकदा ध्यानात आलं की निम्मं काम झालं. (गेट-ऑल-व्हॅल्यूजनं वाचलं तर ते तोकड्या ओळी कोऱ्या स्ट्रिंग घालून सारख्या करून देतं. सोयीचं आहे, पण मग कोरं तपासायची जबाबदारी पूर्ण तुमची.)

आणि टॅबच रिकामा असेल, म्हणजे मागितलेल्या रेंजमध्ये एकही मजकूर नसेल, तर एपीआयच्या उत्तरात ‘व्हॅल्यूज’ ही कीच, म्हणजे ज्या नावाखाली नोंदी येतात ते नावच, नसते. रिकामी लिस्ट नाही, कीच नाही. थेट एपीआय वापरत असाल तर तिथंही धडपड होते. नवीन केंद्र सुरू झालं, पहिल्या दिवशी नोंद नाही, तेव्हा हे भेटेल. हे मात्र चूक नाही. दूध आलं नाही तर बिल शून्य, एवढंच.

तुमच्या दोन पर्यायांकडं येते.

पहिला, कोरी असेल तर ‘ए५:एच४०४’ धरायची. आज सगळ्यांची तीच आहे हो. पण तीच असणार असेल तर तो कॉलम ठेवलात कशाला? कुठल्या तरी केंद्राची वेगळी असेल किंवा होईल म्हणूनच ना? ज्या दिवशी चार नंबरवाले वर दोन ओळी घालून नोंदी सातव्या ओळीपासून सुरू करतील आणि त्यांची रेंज पुसली जाईल, त्या दिवशी तुमची गृहीत रेंज मथळे आणील आणि चारशेही ओळी भरल्या असतील तर तळातल्या दोन नोंदी सोडून देईल. दोन उत्पादकांचं दूध गायब. दुप्पट बिल तात्यांना दिसलं. दोन नोंदी कमी आलेल्या कुणाला दिसणार? ज्याचं दूध गेलं त्याला दिसेल, आणि तो पाच दिवस तुमच्याशी बोलणार नाही.

दुसरा पर्याय तर त्याहून वाईट, आणि यावर जरा थांबते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका दमात अनेक रेंज मागवल्या की उत्तरं त्याच क्रमानं येतात ज्या क्रमानं तुम्ही मागितली. ठीक. तुम्ही अकरा केंद्रांतून सात नंबर गाळलं, दहा रेंज पाठवल्या, दहा उत्तरं आली. मग तुम्ही काय कराल? केंद्रांची यादी आणि उत्तरांची यादी झिप करून, म्हणजे क्रमानं जोडीजोडीनं लावून, लूप फिरवाल. पण केंद्रांची यादी अजून अकराची आहे! म्हणजे सात नंबरच्या नावावर आठ नंबरचं दूध, आठच्या नावावर नऊचं, असं सरकत सरकत दहाच्या नावावर अकराचं. आणि अकरा नंबरचं बिलच नाही, कारण झिप धाकट्या यादीशी थांबतो आणि चकार शब्द काढत नाही. माझ्याकडं आवर्ती ठेवींच्या एजंटांचं कमिशन असंच एक महिना एक घर खाली सरकलं होतं. आकडे सगळे खरे, नावं सगळी खरी, जोड्या चुकलेल्या. एकूण बेरीज ताळ्यात. तीन दिवस सापडलं नाही.

पायथॉन ३.१० पासून झिपला ‘स्ट्रिक्ट’ म्हणून सांगता येतं, मग लांबी जुळली नाही की तो एरर देतो. ते लावाच. पण त्याच्याही आधी, केंद्र आणि त्याची रेंज कधी वेगळ्या याद्यांत ठेवू नका. एकच जोडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग करायचं काय? थांबायचं. बिलाच्या कामात रेंज नाही म्हणजे काम नाही. एक छोटं फंक्शन लिहा, त्याचं काम एवढंच: ‘केंद्र’ टॅबची एक ओळ घ्यायची आणि टॅबचं नाव व रेंज द्यायची, नाहीतर स्पष्ट शब्दांत नकार द्यायचा. त्यात आधी ओळ चारची नसेल तर चारची करायची, कोऱ्या स्ट्रिंग घालून. मग प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा छाटायच्या, कारण सेल पुसताना लोक डिलीट न दाबता स्पेसबार दाबतात आणि मग तो सेल रिकामा दिसतो पण नसतो. मग बघायचं, कोरं आहे का. कोरं असेल तर एरर, आणि ती एरर तात्यांना वाचता येईल अशी मराठीत: “केंद्र ७: ‘केंद्र’ टॅबच्या ८व्या ओळीत डी कॉलम रिकामा आहे. तिथं नोंदींची जागा लिहा. बिल काढलेलं नाही.” ओळ क्रमांक घालाच. ज्याला दुरुस्त करायचंय त्याला बोट दाखवून सांगावं लागतं.

आणि हे तपासणं बिलं काढायच्या आधी, अकराही केंद्रांचं एकदम. पहिली चूक दिसली की थांबू नका, सगळ्या चुका गोळा करून एकदाच दाखवा. नाहीतर तात्या एक दुरुस्त करतील, परत चालवतील, मग दुसरी, मग तिसरी. पहाटे साडेपाचला माणसाचा इतका अंत बघू नये.

टॅबच्या नावाचंही असंच बघा. रेंज आहे पण टॅबचं नाव कोरं आहे आणि तुम्ही थेट एपीआयला नुसतं ‘ए५:एच४०४’ पाठवलं, तर ते पहिल्या दिसणाऱ्या टॅबमधून येतं. आज पहिला टॅब कुठला आहे? उद्या कुणीतरी ओढून दुसराच पुढं आणला तर?

शेवटचं, आणि हे कोडचं नाही. ती बेरजेची ओळ तळातून काढा. वर दुसऱ्या ओळीत घ्या, तिथं नाहीतरी जागा आहे. मग रेंज ‘ए५:एच’ अशी उघडी ठेवता येईल, पाचव्या ओळीपासून खाली जेवढं असेल तेवढं. तळाच्या रिकाम्या ओळी एपीआय पाठवत नाही, त्यामुळं भार पडत नाही. आणि चारशे एकावी नोंद आली तर? आत्ता तुमचा प्रोग्रॅम ती नोंद बघतच नाही, हे लक्षात आलंय का?

---

सांजधार

ताई, चारशे एकावी नोंद… नव्हतं लक्षात आलं. नऊ नंबरच्या केंद्रात आत्ता ३८२ नोंदी आहेत दहा दिवसांत. दोन उत्पादक वाढले की संपलं.

झिपचं वाचून घाम फुटला, कारण काल रात्री मी तेच अर्धं लिहून ठेवलं होतं.

एक शंका. रेंज लिहिलेली आहे पण चुकीची आहे, तर? म्हणजे ‘ए५:एच४०४’ ऐवजी ‘ए५ते एच४०४’ वगैरे.

---

जमाखर्च

मग एपीआय स्वतःच नकार देतो, ४०० क्रमांकाचा एरर (म्हणजे मागणीच चुकीची) आणि ‘अनेबल टू पार्स रेंज’ असा मजकूर. चांगली गोष्ट आहे, पण एक फसवणूक आहे: टॅबचं नाव चुकलं तरी तोच मजकूर येतो. रेंज ठीक असते, तुम्ही तासभर रेंजकडं बघत बसता आणि टॅबच्या नावात शेवटी एक जास्तीची मोकळी जागा असते. थेट एपीआय वापरताना टॅबच्या नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात घालावं लागतं. जीस्प्रेड ते आपण होऊन करतं.

तुम्ही टॅब आणि रेंज एफ-स्ट्रिंगनं (मजकुरात किंमत भरायची पायथॉनची पद्धत) जोडत असाल आणि रेंज पायथॉनची ‘नन’ (म्हणजे ‘काहीच नाही’) असेल तर टॅबच्या नावानंतरच्या उद्गारचिन्हाच्या पुढं ‘नन’ हा शब्दच जोडला जातो. तेही पार्स होत नाही आणि बोंब होते. मला ती बोंब आवडते. कोऱ्या स्ट्रिंगपेक्षा बरी.

---

गोदाम क्रमांक दोन

एक्सेलवाल्यांसाठी थोडं, कारण इथं सगळे गूगलवाले दिसतायत.

पांडाज या तक्ते हाताळायच्या पायथॉन लायब्ररीत रीड-एक्सेल वापरत असाल तर शीटचं नाव न देणं आणि शीटचं नाव ‘नन’ देणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दिलंच नाही तर पहिली शीट येते. ‘नन’ दिलं तर वर्कबुकमधल्या सगळ्या शीट एका डिक्शनरीत (नावासकट संचात) येतात. आमच्याकडं कॉन्फिगमधून नाव यायचं, एकदा कॉन्फिगमध्ये ते नव्हतं, ‘नन’ आलं, आणि पुढचा कोड डेटाफ्रेम (एकच तक्ता) समजून डिक्शनरीवर काम करायला गेला. निदान आपटला तरी. पण ज्यानं लिहिलं होतं त्याची ठाम समजूत होती की ‘नन’ म्हणजे ‘डिफॉल्ट’. नाही. आणि कॉलमांसाठी जे यूजकोल्स आहे तिथं ‘नन’ म्हणजे सगळे कॉलम, आणि तोच डिफॉल्ट. एकाच फंक्शनमध्ये एका जागी ‘नन’ म्हणजे डिफॉल्ट, दुसऱ्या जागी नाही. पाठ करायची गोष्ट नाही, दरवेळी बघायची गोष्ट आहे.

एक्सेल फाइल डेटाबेससारखी वाचायचं जुनं ओएलईडीबी अजून कुणी वापरतं का? आम्ही वापरतो, गोदामाचा स्टॉक त्यावरच आहे. तिथं चौकटी कंसात शीटचं नाव आणि पुढं डॉलरचं चिन्ह लागतं. डॉलरनंतर रेंज लिहिली तर तेवढाच भाग, नाही लिहिली तर आख्खी शीट. आणि डॉलरच विसरलात तर ते नाव नेम्ड रेंजचं (नाव दिलेल्या सेलगटाचं) समजून शोधलं जातं आणि “असं काही सापडलं नाही” येतं, शीट डोळ्यासमोर असताना. तिथं नवीन पोरं हमखास अडकतात. वर आणखी, कॉलमचा प्रकार तो पहिल्या आठ ओळींवरून ठरवतो, तेव्हा रेंज न देता वरचे मथळे-बिथळे आत आले की आकड्यांचा कॉलम मजकुराचा होऊ शकतो. म्हणजे रेंज नसल्याचा त्रास नुसता जास्तीच्या ओळींचा नाही, बरोबरच्या ओळींनाही होतो.

आणि ओपनपायएक्सेल ही एक्सेलची पायथॉन लायब्ररी वापरताना ‘रेंज नाही तर शेवटच्या ओळीपर्यंत’ असं करणाऱ्यांनो, तिथली शेवटची ओळ म्हणजे मजकुराची शेवटची ओळ नव्हे. नुसता रंग दिलेला रिकामा सेलही मोजला जातो. आमच्या एका बाईंनी खालपर्यंत पिवळा रंग ओढला होता. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात हे त्या दिवशी मला पाठ झालं.

---

पाटीपुस्तक

मी शाळेत शिक्षक, ॲप्स स्क्रिप्टवर (गूगल शीटच्या आत चालणारा कोड) हजेरी आणि पोषण आहाराचे तक्ते करतो. त्यात गेट-रेंजला ओळींची संख्या शून्य गेली तर “रेंजमध्ये किमान १ ओळ हवी” अशा अर्थाचा एरर येतो. शेवटची ओळ वजा मथळ्याची ओळ असं करून मी संख्या काढायचो. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी नोंद नाही, संख्या शून्य, स्क्रिप्ट बंद. दरवर्षी जूनमध्ये, आणि दरवर्षी मला वाटायचं गूगलनं काहीतरी बदललं.

---

लसूणचटणी

मान्य, माझं उत्तर सोसायटीपुरतं ठीक आहे. आमच्याकडं फ्लॅट २४च आहेत आणि ‘१२ब’ नाही.

पण एक विचारतो. वाचताना चुकलं तर चुकीचं बिल, परत काढू. लिहिताना रेंज कोरी गेली तर? कारण माझा प्रोग्रॅम थकबाकी परत शीटमध्ये लिहितो.

---

जमाखर्च

हा खरा प्रश्न. जीस्प्रेडच्या अपडेटला रेंज दिली नाही तर ते ए१ पासून लिहायला सुरुवात करतं. म्हणजे मथळे, सोसायटीचं नाव, सगळ्यावरून नांगर.

आणि जीस्प्रेडच्या सहाव्या आवृत्तीत त्या फंक्शनमधल्या दोन गोष्टींचा क्रम उलटा केला: आधी रेंज पहिली आणि मजकूर नंतर होता, आता मजकूर पहिला आणि रेंज नंतर. जुना कोड असेल तर नाव घेऊन द्या, जागेच्या भरवशावर सोडू नका.

वाचताना रेंज नसेल तर कधीकधी, एखाद्या कामात, “सगळं द्या” चालूनही जाईल; नुसता तक्ता बघायचा असेल तर मीही आख्खा टॅब आणते. लिहिताना आणि पुसताना कधीच नाही. माझ्या कोडमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनला रेंजचा डिफॉल्ट ठेवलेलाच नाही. दिली नाही तर फंक्शन सुरूच होत नाही.

झालंच असं, तर घाबरून हातानं भरत बसू नका. फाइलच्या मेनूत आवृत्ती इतिहास आहे, आधीची आवृत्ती तिथून परत आणता येते. पण ती आख्ख्या फाइलची परत येते, तेवढ्यात दुसऱ्या केंद्रानं भरलेल्या नोंदी मागं जातात, म्हणून आधी सगळ्यांना फोन करून हात वर करायला सांगा.

---

सांजधार

उशिरा लिहितोय, २१ तारखेची बिलं होईपर्यंत थांबलो होतो.

ताईंनी सांगितलं तसं केलं. वाचायच्या कामाची दोन फंक्शनं: एक ‘केंद्र’ टॅबची ओळ तपासतं, दुसरं नोंदी आणतं, आणि दुसऱ्याला कोरी रेंज देताच येत नाही. सगळ्या चुका आधी छापतो. पहिल्यांदा चालवलं तर सातची नाही, तीनची चूक सापडली! तिथं सेलमध्ये नुसती एक मोकळी जागा होती, आणि जुना कोड ती छाटून कोरी स्ट्रिंगच पुढं पाठवत होता. म्हणजे तीन नंबरवाल्यांनी पण कधीतरी पुसलं असणार. मागची बिलं काढून बघितली. त्यांच्या टॅबमध्ये तळाला बेरीज नाही, आणि मथळ्याच्या ओळी त्या एक्सेप्टमध्ये गळत होत्या, म्हणून आख्खा टॅब येऊनही आकडे बरोबर निघत होते. किती महिने असं चाललंय, देव जाणे. ते बघून जास्त भीती वाटली, ‘एकूण’पेक्षा.

ते दोन्ही ट्राय-एक्सेप्ट काढले. काढल्यावर नऊ नंबरला लिटरच्या जागी ‘६.५ ली’ लिहिलेली ओळ सापडली. आजवर ती मुकाट गळत होती. त्या बाईंना मागचे साडेसहा लिटरचे पैसे या बिलात धरून दिले.

आणखी एक, मोठ्या केंद्रांच्या बेरजेत ‘२,३१४.५’ असा स्वल्पविराम यायचा, तो मी कोडमध्ये काढून टाकत होतो. आता शीटमध्ये दिसतं तसं न मागता मूळ आकडाच मागतो, एपीआयला तसं सांगता येतं. फक्त तारखा मग १८९९ च्या ३० डिसेंबरपासून मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात आल्या. अर्धा तास डोकं खाजवलं.

एक मजा. आठ नंबरवाले गुरुजी कधीकधी फॅट देवनागरीत लिहितात, ‘३.८’. मला वाटलं तिथं प्रोग्रॅम आपटणार. नाही आपटला. पायथॉनचं फ्लोट देवनागरी आकडे सरळ वाचतं. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, आकडे आपलेच आहेत.

बेरीज वर घ्यायला दहा केंद्रं तयार झाली. तात्या नाहीत. “बेरीज खालीच असते” म्हणाले, आणि ते खरंच आहे, त्यांनी चाळीस वर्षं वहीत तशीच केलीय. मग त्यांच्यापुरतं खालच्या बेरजेचा वेगळा टॅब करून दिला, छापायला. नोंदींच्या टॅबमध्ये वर. डी कॉलमला संरक्षण लावलं, आणि त्याच्या मथळ्यात ‘रेंज’ऐवजी ‘पुसू नये’ असं लिहिलं.

एक काम राहिलंय. खतावणीत ‘एकूण’ नावाचं खातं त्या दिवशी उघडलं गेलं, ते अजून तसंच आहे, शिल्लक ७८,६९३. काढायला बसलो तर तात्या मागून म्हणाले, “थांब, दिवाळीचा फरक त्याला पण द्यायचा का रं?”